फिरतें इंजिन आणि वऱ्हाडचें ऊन

वैशाखांतील भर दुपारीं अकोल्यांतील एखाद्या घरीं गेलें असतां खिडकीशीं वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरघरत असलेला दिसतो. पाहुणा परगांवचा असला, तर गार हवा बाहेर जाऊं नये ह्या काळजीनें तो दारें-खिडक्या लावून घेतो. आणि थोड्याच वेळांत खोली गार होण्याऐवजीं दमट व कोंदट होते. घरची वडीलधारी गृहिणी मग कांहीं न बोलतां उठते, समोरची खिडकी वीतभर उघडते, आणि कूलर पुन्हा आपलें काम करूं लागतो. हवेला बाहेर जाण्याची वाट मिळाल्यावांचून ती आंत येत नाहीं, ही गोष्ट वऱ्हाडांतील लहान मुलासही ठाऊक असते. आश्चर्य असें कीं, घरीं विमान बांधणारे पुष्कळ हुशार कारागीर नेमकी हीच गोष्ट विसरतात, आणि तिचें प्रायश्चित्त त्यांना आकाशांत घ्यावें लागतें.

घरीं विमान बांधणें ही आतां केवळ विलायती चैन राहिलेली नाहीं. महाराष्ट्रांत कॅप्टन अमोल यादव ह्या वैमानिकानें मुंबईच्या कांदिवली उपनगरांत राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. २०१६ च्या फेब्रुवारींत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहांत तें लोकांनीं पाहिलें. २०१७ मध्यें नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंद झाली. आणि २०२० मध्यें वऱ्हाडाच्या शेजारच्या खानदेशांत, धुळ्याच्या धावपट्टीवर, त्याच्या चांचण्या झाल्या. खुद्द वऱ्हाडांतही आकाश पूर्वीसारखें रिकामें नाहीं. अकोल्याजवळ शिवणीची जुनी धावपट्टी आहे. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजीं मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याच बेलोऱ्यास वैमानिक तयार करण्यासाठीं एअर इंडियानें ३४ शिकाऊ विमानें मागविल्याचें जाहीर केलें. त्यांपैकीं ३१ पायपर कंपनीचीं, एका इंजिनाचीं, व ३ डायमंड कंपनीचीं, दोन इंजिनांचीं आहेत. तीं जेट इंधनावर चालणाऱ्या पिस्टन-इंजिनांचीं असून, अशीं इंजिनें पाण्याच्या मिश्रणानें थंड ठेवावीं लागतात.

म्हणजे पाण्यानें थंड होणारें विमानाचें इंजिन वऱ्हाडच्या उन्हांत कसें वागेल, हा प्रश्न ह्या मुलखांत केवळ पुस्तकी राहिलेला नाहीं. कारखान्यांत बनलेल्या विमानाच्या बाबतींत ही तपासणी कारखानदारानें करून दिलेली असते. घरीं विमान बांधणारास मात्र ती स्वतः करावी लागते. आणि त्यानें जर मोटारींतील फिरतें इंजिन आपल्या विमानासाठीं निवडलें, तर त्याची परीक्षा अधिकच कठीण होते.

‘फिरतें इंजिन’ हें नांव विमानविद्येच्या इतिहासांत दोन निरनिराळ्या यंत्रांस मिळालेलें आहे. पहिलें फ्रान्समधील सेग्वँ बंधूंचें ‘नोम’. १९०८-०९ च्या सुमारास निघालेल्या ह्या इंजिनांत दांडा स्थिर असे आणि सर्व नळकांडीं पंख्यासह गरगर फिरत. फिरतांना तीं स्वतःच वारा घेत, म्हणून त्यांस पाणी लागत नसे. पहिल्या महायुद्धांत हीं इंजिनें पुष्कळ गाजलीं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत मागें पडलीं. दुसरें फिरतें इंजिन जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेंतून निघालें. एन्‌एस्‌यू कंपनीच्या कारखान्यांत तें १९५७ मध्यें प्रथम चाललें, आणि पुढें जपानच्या माझदा कंपनीनें १९६७ पासून तें मोटारींत बसविलें. आजचा हौशी कारागीर ज्या इंजिनाचा विचार करतो तें हें दुसरें होय.

ह्यांत वरखालीं होणारे पिस्टन नाहींत आणि उघडमीट करणाऱ्या झडपाही नाहींत. लांबट, कमरेशीं किंचित् आवळलेल्या पेटींत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो, आणि पेटीच्या भिंतींशीं त्याच्या तीन बाजूंनीं तीन कप्पे तयार होतात. प्रत्येक कप्पा फिरतां फिरतां हवा व इंधन ओढतो, दाबतो, पेटवितो आणि धूर बाहेर टाकतो. माझदाच्या ‘१३ बी’ नांवाच्या प्रसिद्ध इंजिनांत असे दोन रोटर असून प्रत्येकाचें माप ६५४ घन सेंटिमीटर आहे. मोठे हलणारे भाग म्हटले तर दोन रोटर आणि एक दांडा एवढेच. आकार लहान, कंप थोडा, मोडण्याजोगे सुटे भाग कमी. तेव्हां घरीं विमान बांधणाऱ्यास त्याचा मोह पडावा ह्यांत नवल नाहीं. परंतु ह्या साधेपणाची किंमत उष्णतेच्या रूपानें द्यावी लागते.

ती कशी, हें समजण्यास ज्वारीच्या भाकरीचें उदाहरण पुरेसें आहे. साध्या पिस्टनच्या इंजिनांत ज्या नळकांड्यांत ज्वाला पेटते, त्याच नळकांड्यांत पुढच्या फेरींत ताजी गार हवा शिरते. म्हणजे भाकरी आळीपाळीनें उलटली जाते. वांकेलच्या इंजिनांत ताजी हवा नेहमीं पेटीच्या एका अंगास शिरते आणि ज्वाला नेहमीं दुसऱ्या अंगास पेटते. एक अंग सदा गार, दुसरें सदा तापलेलें. जणूं न उलटलेली भाकरी. ज्वालेच्या बाजूच्या भिंतीस उसंत म्हणून मिळत नाहीं. तेथून पाण्याचा प्रवाह जोरानें वाहिला पाहिजे. क्षणभर जरी वाफेचा बुडबुडा तेथें अडकला, तरी त्या ठिकाणची धातु भाजून निघते. म्हणूनच पाणी भरतांना सर्वांत उंच जागीं हवा काढण्याची सोय ठेवणें आणि ती खरोखर निघाली कीं नाहीं हें पाहणें, हें वरवर क्षुल्लक दिसणारें काम ह्या इंजिनांत अत्यंत महत्त्वाचें ठरतें.

दुसरी गोष्ट तेलाची. रोटर हा पेटीच्या आंत फिरणारा भाग असल्यामुळें त्याला पाणी पोंचत नाहीं. त्याच्या पोकळ पोटांत तेलाचे फवारे मारून तो थंड ठेवतात. पाणी आणि तेल मिळून जी उष्णता बाहेर काढतात, तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा ह्या इंजिनांत एकट्या तेलाच्या वांट्यास येतो. मोटारींत तेलाकडे फारसें लक्ष न देण्याची संवय जडलेला मनुष्य विमानांत पाण्यासाठीं मोठा रेडिएटर लावतो आणि तेलासाठीं कोपऱ्यांत हातभर जागा सोडतो. पाण्याचा कांटा शांत असतांना तेलाचा कांटा चढत जातो, आणि दोष कोठें आहे हें त्याला उशिरा कळतें.

आतां वऱ्हाडच्या उन्हाचा हिशेब पाहूं. सुमारें १५० अश्वशक्तीचें फिरतें इंजिन पूर्ण जोरावर चालतांना दांड्यावर जितकी शक्ति देतें, तितकीच उष्णता ढोबळ मानानें पाणी व तेल यांच्यावाटें बाहेर टाकावी लागते. ती १०० किलोवॅट धरली आणि पाण्याचें उष्णमान ९५ अंशांवर रोखावयाचें असें ठरविलें, तर बाहेरची हवा १५ अंशांची असतां पाणी आणि हवा यांत ८० अंशांचें अंतर असतें. अकोल्याची हवा ४५ अंशांची असली म्हणजे तेंच अंतर ५० अंशांवर येतें. उष्णता वाहते ती ह्या अंतराच्या जोरावर. तेव्हां तेवढेंच काम उरकण्यास सुमारें १.६ पट हवा लागते. १५ अंशांत सेकंदास दोन किलोहून थोडी अधिक हवा पुरत असेल, तर ४५ अंशांत ती ३.३ किलोच्या जवळ जाते, आणि तिचें आकारमान तीन घन मीटरांहून अधिक भरतें. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब व तीन मीटर उंच अशा खोलींतील सगळी हवा बारा सेकंदांत त्या रेडिएटरांतून निघून गेली पाहिजे, असा ह्याचा अर्थ.

अडचण येथेंच संपत नाहीं. तापलेली हवा पातळ होते. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारें ३०० मीटर उंच आहे. परंतु ४५ अंशांच्या दुपारीं तेथील हवा इतकी पातळ असते कीं, विमानाच्या दृष्टीनें तें प्रमाण हवेंतील सुमारें १,४०० मीटर उंचीवर उभें असतें. चिखलदरा सुमारें १,१०० मीटर उंच आहे. म्हणजे शिवणीच्या सपाट धावपट्टीवर उभें असलेलें विमान त्या दुपारीं चिखलदऱ्याहूनही उंच ठिकाणच्या पातळ हवेंत उभें असतें. मात्र चिखलदऱ्याचा गारवा त्याच्या नशिबीं नसतो. पंखांना आधार कमी, पंख्याला पकड कमी, इंजिनाला श्वास कमी. विमान सावकाश वर चढतें, आणि चढण जितकी लांबते तितका वेळ इंजिन पूर्ण जोरावर व विमान थोड्या वेगावर राहतें. शीतनाची खरी कसोटी हीच.

अशा वेळीं बहुतेकांच्या मनांत येणारा उपाय म्हणजे अधिक मोठा रेडिएटर. तो पुष्कळदां व्यर्थ जातो. चढणीच्या वेळीं, ताशीं सुमारें १५० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या विमानास समोरून मिळणारा वाऱ्याचा दाब वऱ्हाडच्या उन्हाळी हवेंत अवघ्या नऊ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. सर्व भांडवल तेवढेंच. त्यांतूनच हवेला तोंडांतून आंत घ्यावयाचें, रेडिएटरच्या दाट जाळींतून ढकलावयाचें आणि बाहेर काढावयाचें. मार्ग वेडावांकडा असला, कोठें फट राहिली, किंवा बाहेर पडण्याचें तोंड वाऱ्याच्या समोर आलें, तर हें भांडवल वाटेंतच खर्च होतें. मग रेडिएटर दुप्पट केला तरी त्यांतून वारा वाहत नाहीं. केवळ वजन वाढतें आणि विमानाला मागें ओढणारा अडथळा वाढतो.

योग्य मार्ग कसा असावा, हें कोडें १९३० नंतरच्या दशकांत पुष्कळसें सुटलेलें आहे. इंग्लंडमधील फार्नबरो येथील सरकारी विमानसंस्थेंतील शास्त्रज्ञ एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनीं १९३५ च्या सुमारास दाखवून दिलें कीं, रेडिएटर उघड्या वाऱ्यांत टांगण्याऐवजीं नीट घडविलेल्या बोगद्यांत ठेवला, तर वारा त्यांत शिरून मंदावतो, त्याचा दाब वाढतो, तो संथपणें जाळींतून जातो, तापून फुगतो, आणि निमुळत्या तोंडांतून वेगानें मागें निघतांना विमानाला थोडासा पुढचा रेटाही देतो. दुसऱ्या महायुद्धांतील मस्टँग विमानाच्या पोटाखालचा रेडिएटर हें ह्या तत्त्वाचें प्रसिद्ध उदाहरण होय.

घरगुती विमानासही हाच नियम लागू पडतो. हवेचें तोंड लहान असावें, पण तेथून जाळीपर्यंतची वाट नरसाळ्याप्रमाणें हळूहळू रुंदावत जावी. ती एकदम रुंदावली तर हवा भिंतीपासून सुटून भोंवऱ्यासारखी घुटमळते, आणि रेडिएटरचा अर्धा भाग वाऱ्यावांचून राहतो. तोंडापासून जाळीपर्यंतची प्रत्येक फट रबराच्या पट्टीनें बुजवावी, कारण दाट जाळींतून जाण्यापेक्षां फटींतून पळून जाणें हवेला सोपें वाटतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे बाहेर पडण्याची वाट. जाळींतून जातांना ४५ अंशांची हवा ७५ अंशांवर गेली, तर ती शेंकडा नऊंनीं फुगते. तिला आलेल्या मार्गापेक्षां अधिक जागा हवी. ही वाट विमानाच्या अंगावर जेथें हवेचा दाब कमी असतो अशाच ठिकाणीं उघडली पाहिजे, आणि तिच्यावर वैमानिकाच्या हातीं असलेली एक झडप हवी. जमिनीवर आणि चढणींत ती पूर्ण उघडावी. वर गेल्यावर वेग वाढला म्हणजे आवश्यक तेवढी मिटावी. अकोल्याच्या गृहिणीची वीतभर उघडलेली खिडकी ती हीच.

हा सारा खटाटोप कशासाठीं, हें विसरतां कामा नये. चिखलदऱ्याच्या घाटांत मोटारीचें पाणी उकळलें तर चालक ती कडेला घेतो, झाडाखालीं बसतो आणि इंजिन निवण्याची वाट पाहतो. आकाशांत कडा नाहीं आणि झाडही नाहीं. शिवाय फिरत्या इंजिनाच्या रचनेंत एक नाजूक जागा आहे. त्याची मधली पेटी ॲल्युमिनियमची आणि बाजूच्या झडत्या बिडाच्या. त्या लांब बोल्टांनीं एकत्र आवळलेल्या असून पाण्याचा मार्ग रबराच्या कड्यांनीं बंद केलेला असतो. इंजिन बेसुमार तापलें म्हणजे ॲल्युमिनियम बिडापेक्षां अधिक फुगतें, कडीं चेपतात, त्यांचा लवचिकपणा जातो. पुढें ज्वालेचा वायु पाण्यांत शिरूं लागतो आणि पाण्याला बाहेर लोटतो. पाणी कमी झालें कीं उष्णता आणखी वाढते, आणि दुष्टचक्र सुरू होतें. त्यांत फसवणूक अशी कीं, पाणी निघून गेल्यावर उष्णमानाचा कांटा कोरड्या जागेंत लोंबकळत राहतो आणि कित्येकदां खरें उष्णमान दाखवीतच नाहीं. वैमानिकास वाटतें, इंजिन निवलें. म्हणून पाण्याच्या उष्णमानाबरोबरच पाण्याच्या दाबाचा कांटाही समोर असावा; तो एकाएकीं खालीं आला, तर इतर कांटे कांहींही सांगोत, जवळची धावपट्टी गांठावी.

ह्या सर्व विवेचनांतून वऱ्हाडच्या कारागिरासाठीं जो धडा निघतो, तो असा कीं, थंड देशांत यशस्वी झालेली रचना ह्या मुलखांत यशस्वी झाली असें समजूं नये. अमेरिकेच्या लहान विमानांसंबंधींच्या नियमांत शीतनाची चांचणी समुद्रसपाटीवरील किमान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें ३८ अंश सेल्सिअस, हवेस पुरेल अशी असावी, असें अनेक दशकें सांगितलेलें होतें. ती मर्यादा किमान होती. परंतु अकोल्याचा पारा वैशाखांत ती सहज ओलांडून ४५ च्या घरांत जातो. परदेशांतील एखाद्या मित्राचें विमान वर्षानुवर्षें उत्तम चाललें, एवढ्यावर भिस्त ठेवून त्याच मापाचा रेडिएटर आणि तेवढेंच तोंड येथें बसविणें म्हणजे त्या मित्राच्या हवामानावर विश्वासून स्वतःच्या हवामानांत उडणें होय.

सुदैवानें ही गोष्ट अगोदर पडताळून पाहणें कठीण नाहीं, आणि त्यास मोठा खर्चही येत नाहीं. गवंडी भिंतीची पातळी पाहण्यासाठीं जी पारदर्शक नळी वापरतो, तसलीच पातळ नळी घेऊन तींत रंगीत पाणी भरावें. तिचें एक टोंक जाळीच्या पुढें आणि दुसरें जाळीच्या मागें जोडावें. दोन्ही बाजूंच्या पाण्यांतील फरक म्हणजे हवेला जाळींतून ढकलणारा दाब. तो जर दोन-तीन सेंटिमीटरच भरला, तर रेडिएटर बदलण्यापूर्वी मार्ग सुधारावा, आणि प्रथम बाहेरचें तोंड तपासावें.

दुसरी चांचणी उष्णमानाची. पहांटे, हवा २८ अंशांची असतां, पूर्ण जोरानें चढण करून पाणी व तेल कोणत्या आंकड्यावर स्थिरावतात तें टिपून घ्यावें. बाहेरची हवा जितक्या अंशांनीं अधिक तापेल, साधारण तितक्याच अंशांनीं हे आंकडेही वर सरकतात. पहांटे पाणी ८८ अंशांवर स्थिरावलें, तर ४५ अंशांच्या दुपारीं तें १०५ च्या आसपास जाईल, हें कागदावरच कळतें. दाबाच्या झांकणामुळें पाणी त्या उष्णमानास उकळणार नाहीं. सुमारें एक वातावरणाचा जादा दाब असला तर त्याचा उकळबिंदु १२० अंशांच्या जवळ जातो. परंतु सुरक्षिततेसाठीं ठेवलेलें अंतर मात्र संपत आलेलें असतें. तेलाच्या बाबतींत तर १०५ अंश म्हणजे काळजीचाच आंकडा होय. ज्या विमानाचा हा हिशेब जमत नाहीं, तें दुपारीं उडवूं नये. मग तें दिसण्यांत कितीही देखणें असो.

बाकीचे नियम वऱ्हाडच्या रहिवाशास शिकवावे लागत नाहींत, कारण तो स्वतःचें जीवनही त्याच नियमांनीं चालवितो. उन्हाचीं कामें सकाळीं उरकावीं. जमिनीवर इंजिन उगाच चालू ठेवून रेंगाळूं नये. उड्डाणापूर्वीच्या तपासण्या करतांना विमानाचें तोंड वाऱ्याकडे ठेवावें, पाठ नव्हे. चढतांना फार उभें चढूं नये. थोडा अधिक वेग ठेवला तर वाऱ्याचा दाब वाढतो आणि चढणीची घाई न करतांही इंजिन थंड राहतें.

घरीं विमान बांधणारा मनुष्य अनेक वर्षें सुट्टीचे दिवस, पैसा आणि झोंप त्यांत घालतो. तें पुरें झाल्यावर वैशाखाच्या एखाद्या दुपारीं, सगेसोयरे धावपट्टीच्या कडेला जमलेले असतां, उड्डाण पुढें ढकलणें त्याच्या जिवावर येतें. अशा वेळीं समोरच्या वहींत पहांटेचे आंकडे लिहिलेले असतील, तर तो लोकांच्या नजरांकडे न पाहतां त्या आंकड्यांकडे पाहूं शकतो. विमानावर ताडपत्री ओढून, घरीं जाऊन, कूलरसमोर बसून दुसऱ्या दिवसाच्या पहांटेची वाट पाहतो. त्याला कोणी भित्रा म्हणेल, तर म्हणूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं, ऊन चढण्यापूर्वी, त्याचें विमान बेलोऱ्याच्या किंवा शिवणीच्या आकाशांत फिरून सुखरूप खालीं आलेलें असेल.